जे दिसत नाही ते लिही

माझा मामेभाऊ मिरजेला राहतो, मी त्याला दादा म्हणतो. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, जन्मापासून ऐकू येत नाही. आमचं बोलणं खुणांनी, ओठांच्या हालचालींवरून आणि हातात मोबाइल आल्यापासून मेसेजवर. मी पुण्यात व्हिडिओ एडिटिंग करतो. लग्नं, संस्थांच्या फिल्म, जाहिराती, येईल ते काम. पण एक माहितीपट मी कुणी सांगितला म्हणून नव्हे, मनात होता म्हणून केला. माण तालुक्यातलं एक लोहाराचं घर, त्यातले तात्या, त्यांची आई आणि भाता. ३८ मिनिटं.

तो पुरा झाल्यावर आधी दादालाच दाखवायचा हे ठरलेलं होतं. त्याच्यासाठी सहा रात्री बसून मराठी कॅप्शन केली. पेन ड्राइव्हवर फिल्म घेतली, मिरजेला गेलो, त्याच्या टीव्हीला लावली. फिल्म सुरू झाली आणि पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही.

दादानं पाचेक मिनिटं बघितलं. मग माझ्याकडे वळून तळहात उलटे केले. काय म्हणतायत? मी रिमोटवरची सगळी बटणं दाबून पाहिली. लॅपटॉप पुण्यात होता. शेवटी त्याच्या शेजारी बसून मी मोबाइलवर टाइप करत गेलो आणि तो अर्धा वेळ पडद्याकडे, अर्धा वेळ माझ्या हाताकडे बघत राहिला. तात्यांचा चेहरा त्यानं त्या दिवशी नीट बघितलाच नाही. त्या ३८ मिनिटांचं मला आजही वाईट वाटतं.

झालं होतं ते असं. फिल्मची शेवटची फाइल बाहेर काढतात त्या एक्स्पोर्टच्या खिडकीत कॅप्शनसाठी साधारण तीन रस्ते असतात. एक, चित्रावरच अक्षरं कायमची छापून टाकायची, म्हणजे बर्न-इन. दोन, कॅप्शनची वेगळी फाइल काढायची. तीन, व्हिडिओच्या फाइलमध्येच पण चित्रापासून वेगळी अशी ती आत बसवायची, म्हणजे बघणाऱ्याला चालू-बंद करता येतात. माझ्याकडे वेगळ्या फाइलचा पर्याय निवडलेला राहिला होता. ती फाइल तयारही झाली होती, व्यवस्थित होती, आणि माझ्या पुण्यातल्या हार्ड डिस्कवर पडून होती. माझ्या टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगमध्ये चित्र-आवाजाच्या पट्ट्या मांडतात तिथं, कॅप्शन दिसत होती, म्हणून ती फिल्ममध्ये आहेत असं मी धरून चाललो होतो.

इतकी वर्षं या धंद्यात काढून हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण कॅप्शन हा विषय मी नेहमी शेवटच्या तासाला हातात घेत आलो. आवाज सगळ्यांना येतो असं गृहीत धरलं की तसंच होतं. आपल्याकडे सबटायटल आणि कॅप्शन हे शब्दही एकाच अर्थानं वापरतात. सबटायटल ही ज्याला भाषा कळत नाही त्याच्यासाठी. कॅप्शन ही ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी. त्यामुळे कॅप्शनमध्ये बोलण्याबरोबर कोण बोलतंय, दार कधी वाजलं, संगीत कधी सुरू झालं हेही यावं लागतं. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात दृकश्राव्य माध्यमांत ही सोय असावी असं कलम ४२ मध्ये सरळ म्हटलं आहे. चित्रपटगृहांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं मार्च २०२४ मध्ये आली. मराठी फिल्म करणाऱ्या आमच्यासारख्या लहान लोकांपर्यंत ही जाणीव अजून पोचायची आहे, आणि ती पोचायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या वेळी मी दोन्ही फाइली नेल्या. व्हिडिओ आणि कॅप्शनची एसआरटी, दोन्हींचं नाव अक्षरश: एकच, कारण नाव जुळलं तरच बरेच टीव्ही ती फाइल उचलतात. टीव्हीनं उचललीही. पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. एसआरटी ही अगदी साधी मजकुराची फाइल असते. अनुक्रमांक, खाली सुरुवातीची आणि शेवटची वेळ, खाली वाक्य, मग एक रिकामी ओळ. ती यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत, जतन केलेली नसेल तर देवनागरीचा कचरा होतो. मी नोटपॅडमध्ये शेवटची एक दुरुस्ती केली होती आणि जतन करताना तिथला पर्याय बघितला नव्हता. ते सुधारून पुन्हा लावलं, तर या खेपेला चौकोन आले. त्या टीव्हीत देवनागरीचा फाँटच नव्हता. यावर माझ्याकडून काही होण्यासारखं नव्हतं. दादाच्या टीव्हीसाठी बर्न-इन हाच रस्ता होता.

वेगळी फाइल ही चांगली गोष्ट आहे, तीत दुरुस्ती करता येते, भाषा बदलता येते. पण ती व्हिडिओचा हात धरून चालत नाही. व्हिडिओ कुणी पुढे पाठवला की ती मागे राहते.

बर्न-इन करताना देवनागरीचा खरा प्रश्न समोर आला. पहिल्या प्रतीत ‘विळा’ या शब्दाची वेलांटी ‘व’च्या नंतर आली होती. सॉफ्टवेअरमध्ये अक्षरजुळणीचा पर्याय दक्षिण आशियाई लिप्यांसाठी बदलावा लागतो, तो बदलल्यावर वेलांट्या जागेवर आल्या. मग दादानं एक कॅप्शन बोटानं दाखवलं. तात्या म्हणतात, ‘आमच्याकडं सुऱ्या, कुऱ्हाडी समदं व्हतं.’ पडद्यावर होतं ‘सुर्या, कुर्हाडी’. दादानं ते ‘सूर्या’ असं वाचलं आणि लोहाराच्या घरात सूर्य कुठून आला म्हणून गोंधळला.

मराठी लिहिणाऱ्याला हा फरक माहीत असतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना निमंत्रण वेगळं, आचाऱ्यांना वेगळं. बोलताना कानाला कळतं. ज्याला कान नाही त्याला फक्त तो अक्षरावरचा रफार नाहीतर आडवा र एवढाच आधार. माझा मजकूर ज्यानं टाइप करून दिला त्याच्या कीबोर्डवरून तो आडवा र निघत नव्हता, म्हणून त्यानं सगळीकडे रफार दिला होता. एकदम शोधून बदलायला गेलो तर सूर्य, कार्य, धैर्य हेही बिघडणार. म्हणून फाइलमधला प्रत्येक ‘र्य’ आणि ‘र्ह’ मी एकेक करून तपासला. करणाऱ्या, निखाऱ्यांवर, म्हाताऱ्या, कुऱ्हाड. लोहाराच्या घरात हा र फार येतो.

अक्षरं मोजण्याचंही तेच. नेटफ्लिक्सच्या मार्गदर्शिकेत एका ओळीत ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, एक कॅप्शन फार तर ७ सेकंद, असा हिशेब आहे, आणि बरेच जण तोच वापरतात. माझं सॉफ्टवेअर मात्र मोजताना काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं धरतं. ‘स्त्री’ हे डोळ्याला एक अक्षर, त्याच्या हिशेबात सहा. ‘कुऱ्हाडी’ तीन, त्याच्या हिशेबात आठ. ओळ अर्धी रिकामी असतानाच ते लाल खूण दाखवायचं. मी ती खूण बाजूला ठेवली आणि प्रत्येक कॅप्शन स्वत: मनात वाचून वेळ लावली, मग दादाकडून वाचून घेतली.

त्याच्याबरोबर बसलो ते दोन दिवस मला या सगळ्यात सर्वांत मोलाचे वाटतात.

मी बोलीचं काय करायचं यावर अडलो होतो. तात्या माणदेशी बोलतात. दादाची लेखी मराठी शाळेतली, पुस्तकांतली. ‘न्हाई’, ‘वढंल’, ‘समदं’ हे त्याला अडेल असं वाटून मी काही कॅप्शन प्रमाण मराठीत केली होती. त्यानं मूळ काय म्हणतात ते विचारलं. मी लिहून दाखवलं. मग त्याचा मेसेज आला: ‘तुला ते कसे बोलतात ते ऐकू येतं ना? मग मलाही तेच दे.’ मी सगळी कॅप्शन परत तात्यांच्या बोलीत आणली.

दुसरं, ‘नाही’चं. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. तात्या एके ठिकाणी म्हणतात, ‘पोरगं शिकलं, आता ह्यो भाता त्यो वढंल असं…’ आणि निखाऱ्यांकडे बघत चार सेकंद थांबतात. मग, ‘…काय मला वाटत न्हाई.’ मी पहिलं कॅप्शन पूर्णविराम नसला तरी पूर्ण वाटेल असं तोडलं होतं. दादाला त्या चार सेकंदांत वाटलं की मुलगा परत येणार. पुढचं कॅप्शन आलं तेव्हा तो चमकला. दोन्ही एकत्र दाखवावीत का? मग तात्या बोलण्याआधीच नकार वाचून होतो आणि त्यांच्या थांबण्यातला जीव जातो. आम्ही दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या. शेवटी तोडलं तिथंच, पण ‘असं’नंतर तीन टिंबं दिली आणि पुढचं कॅप्शनही टिंबांनी सुरू केलं. वाक्य संपलेलं नाही हे तेवढ्यानं कळलं. दादा म्हणाला, आता मीही त्यांच्याबरोबर थांबलो.

तिसरी गोष्ट आवाजांची. मी उत्साहानं भरपूर लिहिलं होतं. चौकटी कंसात [लाल लोखंड पाण्यात बुडतं, चर्रर्र], [भात्याचा आवाज], [घणाचे घाव]. दादानं त्यातली निम्मी खोडायला लावली. ‘चर्र मला कळत नाही. वाफ निघते ती मला दिसते. घण पडतो तोही दिसतो. जे दिसत नाही ते लिही.’

आणि मग आम्ही एकविसाव्या मिनिटाशी आलो. आजी, म्हणजे तात्यांची आई, आत चुलीपाशी भाकरी थापतायत. बाहेरून घणाचे घाव ऐकू येत असतात, एका लयीत. एकदम ते थांबतात. आजी थापता थापता हात थांबवून मान वर करतात, दाराकडे बघतात. घण पुन्हा सुरू होतो, त्या पुन्हा भाकरीकडे वळतात. माझ्या मते साऱ्या फिल्ममधला हा सर्वांत आतला क्षण. आयुष्यभर त्या आवाजावर घर चाललेल्या बाईचा. त्यात एकही शब्द नाही, म्हणून मी तिथं कॅप्शनच दिलं नव्हतं. घण बाहेर होता, फ्रेममध्ये नव्हता. मी तिथं तीन कॅप्शन घातली. [बाहेर घणाचे घाव]. मग [घण थांबतो]. मग [घण पुन्हा सुरू]. मधलं कॅप्शन नेमक्या त्या फ्रेमवर यावं म्हणून आवाजाची लहर मोठी करून शेवटचा घाव कुठं संपतो ते बघितलं. अर्धा सेकंद आधी आलं असतं तर आजींच्या आधी दादाला कळलं असतं.

सगळं असं बसवून झाल्यावर मी एक चूक केली. एक मुलाखत लांबलेली वाटली म्हणून तिच्यातले ११ सेकंद कापले. कॅप्शनचा ट्रॅक हलू नये म्हणून मी त्याला कुलूप लावलं होतं. कुलूप लावलेला ट्रॅक काप घेतल्यावर मागे सरकत नाही. चित्र आणि आवाज ११ सेकंद मागे आले, कॅप्शन जिथल्या तिथं राहिली, आणि त्या जागेपासून शेवटपर्यंत प्रत्येक वाक्य उशिरा यायला लागलं. सुरुवातीची पाच मिनिटं तपासून मी निर्धास्त होतो. फिल्म शेवटपासून उलटी तपासायची सवय मला तेव्हापासून लागली. शेवटचं कॅप्शन जुळलं तर मधली बहुधा जुळतात. आणि आता पिक्चर लॉक, म्हणजे चित्राची कापाकापी कायमची संपल्याशिवाय कॅप्शनच्या वेळा मी पक्क्या करत नाही.

याच सुमाराला अमेरिकेतल्या एका शहरातल्या महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतून तिथल्या स्थानिक केबल वाहिनीनं फिल्म दाखवायची तयारी दाखवली. अट एकच, इंग्रजी क्लोज्ड, म्हणजे चालू-बंद करता येणारी कॅप्शन फाइलच्या आत हवीत, बर्न-इन चालणार नाही. तिथं या गोष्टीला मोठा इतिहास आहे. १६ मार्च १९८० पासून तिथल्या टीव्हीवर क्लोज्ड कॅप्शन नियमित सुरू झाली. चित्राच्या सिग्नलमध्ये पडद्यावर न दिसणाऱ्या काही ओळी असत, त्यातल्या २१व्या ओळीतून हा मजकूर जायचा. जुलै १९९३ पासून १३ इंच आणि त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या टीव्ही संचात तो वाचणारा भाग असणं कायद्यानं सक्तीचं झालं. आता प्रक्षेपण डिजिटल आहे, मानकाचं नाव सीईए-७०८, पण त्याच्या पोटात जुन्या सीईए-६०८चा मजकूर अजून जातो, आणि वाहिनीला तो हवा होता.

या ६०८मध्ये देवनागरी जात नाही. त्यामुळे दादासाठीची मराठी कॅप्शन आणि तिकडची इंग्रजी कॅप्शन यांचे रस्ते इथं वेगळे झाले. पडद्यावर १५ ओळींची जागा आणि एका ओळीत ३२ अक्षरं. माझ्या ४२ अक्षरांच्या ओळी सगळ्या पुन्हा तोडल्या. त्याहून मोठी अडचण वेगाची. दर फ्रेमला दोनच अक्षरं जातात. पूर्ण भरलेल्या दोन ओळींचं कॅप्शन म्हणजे ६४ अक्षरं, ३२ फ्रेम, म्हणजे एक सेकंदाहून जास्त वेळ ते पडद्यामागे नुसतं भरत असतं, मग एकदम दिसतं. तात्या आणि शेजारी भराभर एकमेकांना उत्तरं देतात त्या जागी माझी अर्ध्या-पाऊण सेकंदाची कॅप्शन एकमेकांवर चढली आणि काही हरवली. तिथं दोघांची बोलणी एका कॅप्शनमध्ये दोन ओळींत, आधी आडवी रेघ देऊन, घेतली.

एवढं करून पाठवलं. वाहिनीकडून उत्तर आलं की कॅप्शन सुरुवातीला बरोबर आहेत, पुढे पुढे लवकर येत जातात, शेवटी दोन सेकंदांहून जास्त फरक पडतो. मी इथं लावून बघितलं, माझ्याकडे बरोबर.

दोन रात्री गेल्या तेव्हा उलगडलं. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेमचा हिशेब सरळ आहे. तिकडचा वेग सेकंदाला २९.९७ फ्रेम. टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला वेळेचा आकडा, ३० च्या हिशेबानं मोजला तर तो घड्याळाच्या मागे पडतो, तासाला ३.६ सेकंद. ते भरून काढायला ड्रॉप-फ्रेम नावाची मोजणी असते. तीत दर मिनिटाच्या सुरुवातीचे दोन आकडे गाळतात, प्रत्येक दहावं मिनिट सोडून. तासाला १०८ आकडे. फ्रेम एकही गळत नाही, आकडे गळतात. माझी टाइमलाइन न गाळणाऱ्या मोजणीची होती आणि ६०८च्या कॅप्शनची एससीसी नावाची फाइल बनवताना मी ड्रॉप-फ्रेमवर खूण केली होती. फाइलमध्ये फरक केवढा, तर वेळेतल्या शेवटच्या दोन आकड्यांआधी अपूर्णविराम की अर्धविराम एवढाच. अर्धविराम असला की वाचणारं यंत्र तो ड्रॉप-फ्रेम समजतं. ३८ मिनिटांना फरक होतो २.२८ सेकंद. वाहिनीनं सांगितलेला आकडा हाच. मला ते बरोबर दिसत होतं, कारण मी माझ्याच टाइमलाइनवर तपासत होतो, बाहेर पडलेल्या फाइलवर नाही.

टाइमलाइनच ड्रॉप-फ्रेमवर नेली आणि कॅप्शनची फाइल तिच्यावरून नव्यानं काढली. या वेळी बाहेर पडलेली फाइल आधी एफएफप्रोब या फाइल तपासणाऱ्या साधनाला दिली. व्हिडिओच्या ओळीत क्लोज्ड कॅप्शन असा उल्लेख येतो की नाही ते बघितलं. मग सीसीएक्स्ट्रॅक्टर नावाच्या मोफत साधनानं त्या फाइलमधून कॅप्शन पुन्हा बाहेर काढली आणि माझ्या मूळ मजकुराशी ओळीला ओळ लावून पाहिली. नंतर व्हीएलसी प्लेअरमध्ये शेवटची तीन मिनिटं. हे रोजचं केलं पाहिजे, कारण एन्कोड करताना, आकार लहान करताना, एका साच्यातून दुसऱ्यात नेताना, कुठल्याही पायरीवर ही आतली कॅप्शन गुपचूप गळून पडू शकतात आणि चित्र-आवाजात काहीही बिघडलेलं दिसत नाही. आवाज गेला तर बघणारा पहिला माणूस ओरडतो. कॅप्शन गेली तर ज्याला कळतं तो आपल्या खोलीत नसतो.

तिकडे फिल्म लागली. एका आजींनी मंडळातून निरोप पाठवला की बऱ्याच वर्षांनी कानावरचं यंत्र न लावता त्यांनी काही पूर्ण बघितलं.

मिरजेला मी नंतर पुन्हा गेलो, मराठी बर्न-इन प्रत घेऊन. दादाची मुलं, वहिनी, शेजारचे दोघं असे सगळे बसले होते. मी पडद्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होतो. एकविसाव्या मिनिटाला [घण थांबतो] आलं. आजींनी मान वर केली. दादानं माझ्याकडे बघितलं नाही. घण पुन्हा सुरू झाला, आजी भाकरीकडे वळल्या, तेव्हा त्यानं मांडीवरचा मोबाइल उचलून एवढंच लिहिलं: ‘पहिल्या वेळी मला वाटलं होतं, दारात कुणीतरी आलंय.’